अडीचशे मिली

धंतोलीतल्या दवाखान्यात
लांजेवार बाईंनी टेबलावर तीन नमुने मांडले :
एक गोल, एक थेंबासारखा,
एक खरखरीत पाठीचा.
"घ्या हातात, दाबून बघा,"
भाजीवाली म्हणते तशा म्हणाल्या.
माठाखालच्या बेडकासारखे थंड होते.

मग त्यांनी माझ्या छातीवर निळ्या पेनानं रेघा ओढल्या.
मी भूमापन कार्यालयात कारकून.
हद्द, चढ, उतार
मला उलट्या बाजूनंही वाचता येतात.
आज पहिल्यांदाच मी फाइलच्या आत होते.

सिलिकॉन : टिकतं, पण जन्मभराचं नाही.
खारं पाणी : फुटलं तर अंगातच जिरतं,
पण कातडी पातळ असली की सुरकुती वर दिसते.
नाहीतर स्वतःची चरबी,
मांडीतून काढायची, वर सोडायची.
"त्यातली थोडी शरीर परत घेतं," बाई म्हणाल्या.
मला हे फार आवडलं.
मग त्यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं
आणि दोघीही हसलो.

काखेतून की खालच्या घडीतून,
स्नायूच्या वर की खाली,
आणि किती?
"घरी जा. मोज्यात तांदूळ बांधून
दोन दिवस वागवून पाहा."

नागभीडच्या मावशीनं पाठवलेला एचएमटी.
भाच्याचे शाळेचे पांढरे मोजे.
केकच्या क्लासचा मापाचा कप.
डावीकडे अडीचशे,
उजवीकडे तीस जास्त,
उजवी पहिल्यापासून मागेच.

या गावात संत्र्याची उपमा कुणालाही सुचेल.
आमच्या वर्गातल्या पोट्ट्यांना ती सुचली नाही.
ते मला कस्तुरचंद पार्क म्हणायचे.
दहावीच्या निरोप समारंभातसुद्धा
मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं,
"सभा कधी हाय बाप्पा?"
चोवीस वर्षं झाली.
त्या मैदानावरून मेट्रो जाते तेव्हा
मी अजून दुसऱ्या खिडकीतून बघते.

तांदूळ बांधून झिरो माईलचा जिना चढले.
मे महिना. घामानं दाणे चिकटले.
पायऱ्या उतरताना छातीला
स्वतःचं एक मत आहे असं वाटलं.
ऑफिसात मोजणीच्या नकाशावर एक दाणा पडला,
नेमका वादातल्या धुऱ्यावर.
बोकडे साहेबांनी चिमटीत धरला.
"डब्बा सांडला का मॅडम?"
हो म्हटलं.

रात्री बहिणीचा फोन :
"काऊन करून रायली हे? कोनासाठी?"
आरडी तोडताना बँकेतल्या माणसानंही विचारलं होतं,
"कशासाठी?"
त्याला म्हटलं, घराची डागडुजी.
बहिणीला काही म्हटलं नाही.
तिला दोन मुलं पाजून झाल्यावर
तिनंही एकदा आरशासमोर मला विचारलं होतं,
"कसं दिसते गं?"
तेव्हा मी 'कोणासाठी' असं विचारलं नव्हतं.

फक्त शमीम आपांनी काही विचारलं नाही.
वीस वर्षं माझ्या ब्लाऊजमध्ये
त्या गुपचूप स्पंज शिवतात,
बिलात लिहितात : अस्तर.

दुसऱ्या रात्री मोजे सोडले.
खांद्यांवर दोन लाल वळ.
आणि पंख्याखाली छाती इतकी हलकी
की क्षणभर वाटलं, असंच राहू द्यावं.
क्षण बराच मोठा होता.
कूलरचं पाणी संपून
तो नुसता खडखडायला लागेपर्यंत टिकला.
मग उठले, पाणी भरलं,
कपात पुन्हा तांदूळ ओतले,
पन्नास काढून ठेवले.

काढलेल्या पन्नासाचा भात झाला.
मूठभरच. ताक घालून खाल्ला.

सोमवारी फोन केला.
"गोल. घडीतून. दोनशे.
उजवीकडे दोनशे तीस."
पलीकडची मुलगी लिहून घेत होती.
"ॲडमिटच्या दिवशी सोबत कोण?"
हा रकाना मी भरलाच नव्हता.
"नातेवाईक लागतो का?"
"कोणीही चालेल मॅडम. सही करणारं पाहिजे."

लिहा, म्हटलं :
शमीम शेख, मोमीनपुरा.
नातं?

तिला माझं माप पाठ आहे.